उणे चिन्ह

लातूरच्या तंत्रनिकेतनात, लाईट आल्यावर,
दैवशाला पत्र्यावर जाळी कापते.
एकेक घर कमरेत दबलेलं,
भिंती आत मोडलेल्या.

दोन चिमट्यांत धरून ताणते.
"वढल्यावर बारीक व्हायचं सोडून
फुगलालंय की हे!"
बिराजदारमामांची तंबाखूची चिमूट
ओठापाशीच थांबलेली.

"याचं गुणोत्तर उणे आहे, मामा."
"उणे म्हंजे कमीच की."

ती वहीत छेद मांडते: एक वजा वर्ग.
वर्ग केला की चिन्ह पुसलं जातं,
ताठपणा विचारत नाही तुम्ही कुठल्या बाजूचे.
फक्त अधिकाला अर्ध्यावर कुंपण,
उणे थेट एकापर्यंत उतरत जातं
आणि छेद आटत आटत
पत्रा वाकायलाच नकार देतो.
(जाळी कापताना गेलं ते बळ वेगळं.
तेही लिहून ठेवते, लाल पेनानं.)

मग दोन्ही पत्रे वाकवते, जोर लावून.
साध्याचं खोगीर होतं:
एकीकडे खाली, दुसरीकडे वर.
तिचा मात्र चहूबाजूंनी
एकाच दिशेला झुकतो.

पुसलेलं चिन्ह इथं होतं तर.

मामा तो उलटा धरतात,
आत चुन्याची डबी टाकतात.
डबी घरंगळते, डुलते,
मधोमध येऊन बसते.