हद्द कायम

पोहाळ्याच्या माळावर
आकाराम आणि केरबा चौगले, सख्खे भाऊ,
चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत
दीड हात बांधावरून.

मी मोजणीदार. तिवई रोवली,
यंत्र चढवलं, उपग्रहांची वाट बघत उभा राहिलो.
"सायेब, ह्येनं दरसाली नांगरताना बांध कोरलाय."
"जोतिबा बघतोय वरनं. म्या ढेकूळ हलवलं न्हाई."

निरगुडीच्या जाळीत जुना दगड सापडला,
पणजोबांच्या वेळचा, काळा, भोकाभोकांचा.
त्यावर हात ठेवला नि आठवलं
प्रशिक्षणात जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत सांगितलेलं:
खालची जमीनच चालते आहे.
वर्षाला पाच सेंटीमीटर, ईशान्येला,
उसासकट, विहिरीसकट,
पन्हाळ्याच्या तटासकट,
माझ्या तिवईसकट.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे रान
विषुववृत्ताच्या पार खाली होतं,
एका तापलेल्या चुलाणावरून सरकत.
तेव्हा काहील कलंडली.
रस पसरला, निवला, दगड झाला.
पुन्हा पसरला.
विहीर खणताना दोन थरांत तांबडा पट्टा लागतो ना,
तो गुऱ्हाळ बंद असलेल्या हंगामांचा.

मग उत्तरेला दुसऱ्याचं रान लागलं.
मध्ये एक समुद्र होता,
त्याचा सातबारा कुणी पाहिलेला नाही.
शिंपले आता बर्फाखाली, डोंगराच्या माथ्यावर.
आपण बांध कोरत गेलो,
पाच कोटी वर्षं झाली, अजून कोरतोय.
उकरून वर आलेल्या त्या ढिगाला
लोक हिमालय म्हणतात.
कधी तिकडची घरं पडतात एका रात्रीत.
नोटीस कुणाला काढायची?

हे सगळं मी चौगल्यांना सांगितलं.
सांगायचं नव्हतं, पण ऊन फार होतं
आणि यंत्राला अजून दोन उपग्रह हवे होते.
म्हटलं, तुमच्या या अबोल्यात
दोघांचं रान जवळजवळ वीतभर पुढं गेलंय.
बरोबरच.

आकाराम तंबाखू मळायचा थांबला.
केरबानं टोपी काढली, डोकं खाजवलं.
"मग मागं जी जागा मोकळी झाली," तो म्हणाला,
"ती कुणाच्या नावावर?"

आणि दोघं एकदमच
नैऋत्येकडं बघायला लागले,
डोळ्यांवर हात धरून,
तिकडं कुणी पेरणी तर करत नाही ना.

मी कागद चाळले.
अर्जात तसा रकाना नाही.