शनिवारची वही

रविवारी कोण जिंकेल यावर आमच्याकडे पैज लागत नाही.
रविवारी काहीही होतं. टायर फुटतो,
कुणी कुणाच्या अंगावर जातं,
पाद्रीबुवांचा अंदाजसुद्धा खरा ठरतो.
शनिवारचं तसं नाही.
शनिवारी एक गाडी, एक फेरी, मोकळा रस्ता
आणि घड्याळ.
घड्याळाला भीडभाड नसते.

माझा बार ईमोलात, रिवाझाच्या उताराखाली, नदीच्या अलीकडे.
इथून गाड्या दिसत नाहीत, ऐकू येतात,
आणि फळीवरचे पेले थंडी भरल्यासारखे
दात वाजवतात.

वही सासऱ्यांची. आता माझ्याकडे.
माणशी पाच युरो.
कोण सर्वांत वेगवान, ते नाव,
आणि किती वेळात, हजाराव्या हिश्शापर्यंत.
आधी नाव जुळायला हवं. मगच वेळ बघायची.
हजारावा हिस्सा म्हणजे केवढा, असं एकदा विचारलं
तर औषधवाला झाउली म्हणाला:
माशीनं पंख हलवायचं ठरवावं
आणि अजून हलवलेले नसावेत, तेवढा.

लीबेरो आठवडाभर वाऱ्याची दिशा पाठ करतो
आणि शेवटी बायको सांगेल ते लावतो.

नेरिओ मात्र एकतीस वर्षं एकच नाव घेत आला:
तासिनारी.
तासिनारी म्हणजे लूगोच्या रस्त्यावरची पत्र्याची शेड,
दोन गाड्या, डोक्यावर कर्ज, कायम शेवटची रांग.
त्यांच्या गिअरचे दाते नेरिओनं कातले,
डाव्या हाताची दोन बोटं लेथला देऊन.
"आज?" मी विचारायची.
"आज," तो म्हणायचा, वेळ सांगायचा,
आणि आम्ही पोट धरून हसायचो.
एकदा त्यांची गाडी अकरावी आली
तर हरूनही यानंच सगळ्यांना वाईन पाजली.

फेब्रुवारीत तासिनारी विकली गेली.
नाव गेलं, रंग गेला,
शेडमध्ये आता फरशांचं दुकान.
बारमध्ये कुणी विषय काढला नाही.
रोज येणाऱ्याच्या दुःखाला
आपण खुर्ची सरकवून जागा देतो, इतकंच.

या शनिवारी तो उशिरा आला. टोपी काढली नाही.
मी पेन्सिल धरून थांबले.
"हाल्वर्सेन," तो म्हणाला.
"एक चौदा, सहाशे बारा."

हाल्वर्सेन. ज्याच्यावर अख्खी दुनिया पैसे लावते.
लीबेरोच्या हातातलं पान हातातच राहिलं.
झाउलीनं चष्मा पुसला, स्वच्छ होता तरी.
मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

मग टेकडीवरून तो आवाज,
कुणी मांजरपाट टराटरा फाडत खाली यावं तसा.
पडद्यावर आकडे थांबले:
एक चौदा, सहाशे अकरा.

पंच्याऐंशी युरो. दोनदा मोजले.
जिंकणाऱ्याच्या डोक्यावर ओला फडका टाकायची आमची रीत.
लीबेरोनं फडका उचलला,
पिळला,
परत ठेवला.
"सोपं असतं की हे," नेरिओ म्हणाला,
कुणाला, ते कळलं नाही.
आठ बोटांनी नोटा घडी करून गेला.
कॉफी तशीच.

रात्री गल्ला मिटवल्यावर वही उघडली.
सासरे दर पानावर निकालाचं कात्रण चिकटवत, मीही चिकटवते.
आम्ही वरची ओळ बघतो. सगळेच वरची ओळ बघतात.
आज पहिल्यांदा बोट खाली नेलं.
एकोणिसावी, तासिनारी: एक सतरा, दोनशे चार.
शेजारी नेरिओचा आकडा: एक सतरा, दोनशे तीन.
मागचं पान. त्याच्या मागचं.
कधी पाच हिश्श्यांचा फरक, कधी दोनाचा, एकदा काहीच नाही.

ती पहिली येईल असं तो कधी म्हणालाच नव्हता.
ती किती धावू शकते, तेवढंच सांगत होता.

मग मी पेन्सिलीला टोक काढलं
आणि त्याचं आमच्याकडे किती निघतं ते मांडायला बसले.
युरोंचा हिशेब लागला.
लिरांपाशी अडकले आहे.