प्रतिसाद-काल

शंभर शब्द, एक स्टॉपवॉच,
गंगापूर रोडवरच्या कॉलेजची मागची खोली.
"पहिलं सुचेल ते सांगा," मी म्हणालो,
"बरोबर-चूक असं काही नसतं इथे."
त्यावर दमयंती खैरनार हसल्या.
तेहेतीस वर्षं नोट प्रेसमध्ये. तिथे असतं.

नदी? – गंगा.
(नाशकात सगळे हेच म्हणतात,
गोदावरी फक्त भूगोलाच्या पेपरात.)
मीठ? – बरणी.
हिरवं? – जुनी पाचाची.
चूक? – परत मोजा.
दीड सेकंद, सव्वा, कधी त्याहून कमी.

मुलगा?

काटा फिरत राहिला.
खाली कुणी द्राक्षांचे क्रेट उतरवत होतं,
चौथा, पाचवा.
एकोणिसाव्या सेकंदाला त्या म्हणाल्या,
खुर्ची.

लिहिलं: खुर्ची. शेरा: असंबद्ध.
उरलेले शब्द भराभर झाले.
उठताना त्यांनी आपली खुर्ची टेबलाखाली सरकवली,
मग शेजारचीही,
जिच्यावर कुणी बसलंच नव्हतं.

शेरा खोडला. दुसरा सुचला नाही.

परवा सीबीएसजवळ, रसवंतीत, एकानं विचारलं,
"ही खुर्ची रिकामीये का हो?"
साधा प्रश्न.
मला वेळ लागला.