दारी

नकाशा टेबलावर मावेना
म्हणून पंचायतीच्या फरशीवर अंथरला.
कोपरे उडू नयेत म्हणून ठेवलं काय काय:
शिक्क्याची डबी, पाण्याचा तांब्या,
कुणाचं तरी हेल्मेट,
आणि खालच्या कोपऱ्यावर भैरू गुरव स्वतःच बसले,
ऐसपैस मांडी घालून.

पीडीओ मॅडम धारवाडकडच्या.
त्या कन्नडात सांगत, मी मराठीत करून देई.
सोळा वर्षं हेच करतोय,
उताऱ्यावरचं, नोटिशीतलं,
औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा.

त्यांनी हिरवी पेन्सिल घेतली.
वरच्या जंगलातून निघून सर्व्हे नंबर त्रेचाळीस,
मग ओढा,
मग जांबोटी रस्त्याच्या वळणाखालची मोरी.
एक रेघ, तिच्या शेजारी अजून एक.
दोन्ही भैरू गुरवांच्या गुडघ्याशी येऊन थांबल्या.
पुढचं नंतर, म्हणाल्या,
आणि मध्ये लिहिलं, मोठ्यानं वाचत:
आने दारी.

मी तोंड उघडणार
तेवढ्यात मागून भागू लांबर बोलली,
गवळीवाड्यावरची:
"आलता की दारी!
परसातले फणस खाल्ले,
पिंप पालथं केलं,
आणि म्हशीकडं बघत उभा ऱ्हायला,
पावणा कसा उभा ऱ्हातोय
बसा म्हणायची वाट बघत."

सभा हसली.
मॅडमनी माझ्याकडं बघितलं, काय म्हणाली?
काय सांगणार.
त्यांच्याकडं दारी म्हणजे वाट.
आमच्याकडं दारी म्हणजे उंबऱ्याशी.
एकाची दुसरी कशी होते
ते भागूच्या घरामागं जाऊन बघावं:
बेळगावच्या पार्टीनं त्रेचाळीस नंबरात
अकरा एकराला घातलेली चिऱ्याची भिंत,
छातीएवढी, वर काचा,
आत चुन्यानं आखलेले प्लॉट,
फाटकावर बोर्ड, 'निसर्गाच्या कुशीत'.
हत्ती भिंतीला अंग घासत चालत आला
आणि जिथं ती संपली तिथं वळला.

मग दोन तास गेले.
कुणी म्हणालं, जनावरांना मत असतंय काय?
कुणी म्हणालं, पार्टी गुंठ्याला किती द्यालालीय, ठाऊक हाय?
रवळू मास्तरांनी वही काढली.
मोरीतल्या चिखलातले ठसे त्यांनी मांडून ठेवलेत,
गवे, सांबर, एकदा अस्वल,
आणि एका पहाटे असा एक
की सायकल तिथंच टाकून ते चालत घरी आले.
ते पान त्यांनी वाचलं नाही, नुसतं दाखवलं.

शेवटी ठराव झाला:
हिरव्या पट्ट्यात बिगरशेती नाही,
भिंत नाही, तार नाही, रात्रीचा दिवा नाही.
रुंदी साठ पावलं.
कुणाची पावलं, ते लिहायचं राहिलं.
जुन्या भिंतीचं प्रकरण तालुक्याला जाईल,
तिथून बेळगावला, तिथून कोर्टात,
आणि भागूचा फणस तोवर दोनदा धरेल.
सतरा सह्या, नऊ अंगठे.
मराठी प्रतीत मी 'वाट' लिहिलं,
खोडलं,
दारीच ठेवलं.

भैरू गुरव गुडघे धरत उठले.
राहिलेली दोन बोटं रेघ मॅडमनी आता पुरी केली.
त्यांच्या मांडीखाली आमची काजू होती,
पाच गुंठे,
दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये.
मागच्या साली मीच तार मारली तिथं, चार पदरी,
डुकरं शिरतात म्हणून.
कुणी काही बोललं नाही.
याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.

अंधार पडल्यावर जाऊन आलो.
तार गार होती.
तिसऱ्या पदराच्या काट्याला केस अडकलेले,
राठ, काळे, तीन-चार.
गव्याचे असतील.
माझ्या खांद्यापेक्षा जरा वर.

पक्कड रवळू मास्तरांकडं आहे.
सकाळी मागून आणीन म्हणतो.