आधी शाळा, मग गायी

सकाळी सहाला हॉटेलच्या पायरीवरच लिव्हेबाई विचारतात,
‘दोन्ही एका दिवसात होईल ना?’
होईल.
जायला साडेतीन तास, शाळेपाशी दीड,
येताना न्यान्झाला गायी, त्यांना तासभर पुरतो,
आणि उजेड असेतो किगालीत परत.
योसचा गुडघा दुखतो, म्हणून पुढची सीट त्याची.

न्यान्झा आधी लागतं.
योस नकाशावर बोट ठेवतो : ‘मग आधी इथेच का नाही?’
मी म्हणतो, सकाळी गायी चरायला गेलेल्या असतात.
हे तितकंसं खरं नाही.
एकदा उलट नेलं होतं चौघांना,
परतीच्या साडेतीन तासांत गाडीत कोणी शिंकलंसुद्धा नाही.
तेव्हापासून हाच क्रम.
पाहुण्याला परत पोचवताना
तोंडात काहीतरी गोड असावं.

टेकडीवर शाळा.
बांधून पुरी व्हायच्या आधीच भरली,
घंटा कधी वाजलीच नाही.
मी आत जात नाही. आरसे पुसतो,
टायरात अडकलेले खडे किल्लीने काढतो,
निलगिरीच्या सावलीबरोबर गाडी दोनदा हलवतो.
चुन्याचा वास इथवर येतो.
घराला द्यायचा तोच चुना, वास तोच,
म्हणून माझं घर पिवळं आहे.

लिव्हेबाई एकट्याच आधी बाहेर येतात.
अडतीस वर्षं गेंटमध्ये गणित शिकवलं, म्हणतात,
खोलीत शिरलं की डोळे आपोआप हजेरी घेतात.
‘तिसऱ्या खोलीपर्यंत मोजत होते. मग...’
मी पाण्याची बाटली उघडून देतो.
योसला यायला बराच वेळ लागतो. गुडघा.

न्यान्झाला ऊन कलतं झालेलं.
गायी येतात, हातभर नव्हे, हातांनी कवळ घालावी एवढी शिंगं,
कपाळावर मण्यांच्या माळा,
आणि म्हातारा रुतेबुका त्यांच्या कानाशी गात असतो.
मोबाइल वर होतात.
‘काय म्हणतोय तो?’
नाव घेतोय तिचं. मग तिच्या आईचं,
आईच्या आईचं. कुठल्या ओढ्यावर पाणी प्यायची ते.
‘सगळ्यांची नावं पाठ आहेत त्याला?’
सगळ्यांची.
लिव्हेबाई मोबाइल पर्समध्ये ठेवतात.
पर्सची चेन लागता लागत नाही.

आमच्या गायीचं नाव बिहोगो.
गर्द तपकिरी, एक कान फाटका, भारी हट्टी.
टेकडीवर जा, तिथे कोणी हात लावणार नाही, असं सांगितलं होतं,
तर सगळे निघाले, भांडी, चटया, बिहोगोसुद्धा.
संध्याकाळी तिने दावं तोडलं.
बाप म्हणाला, आण तिला, अंधाराच्या आत ये.
मी अकरा वर्षांचा. दलदलीत लव्हाळ्यांत
ती गळ्यापर्यंत रुतून उभी, वर शांतपणे रवंथ करत.
रात्रभर तिला शिव्या घातल्या.
तांबडं फुटायच्या सुमाराला ती निघाली,
आणि आम्ही वर निघालो,
मी पुढे, दावं माझ्या हातात,
ती मागे.
अर्ध्या चढावर ती थांबली.
ओढलं, तरी हलेना.

परतीच्या वाटेवर दोघं बोलतात.
इकिवुगुतोची बाटली घेतलीय, दाट, आंबूस,
योसच्या मिशीला लागलंय, बाई हसतात, पुसतात.
रातांब्याच्या रंगाचं आभाळ, डोंगरामागे डोंगर,
एकेका घरात दिवा.
हॉटेलच्या दारात बाई पैसे मोजून देतात,
पुन्हा घेऊन पुन्हा मोजतात.
‘गायी शेवटी ठेवल्यात ते बरं केलंत, गासाना.
क्रम बरोबर होता.’
हो, म्हणतो मी. क्रमाचंच सगळं असतं.

घरामागे गाडी धुतो.
पायाखालच्या रबरी चटईवर तांबडी माती, वर शेण.
आतून बायको विचारते, आज कुठे होतास?
न्यान्झाला, म्हणतो.
गायी बघायला.