बेटकुळी

पहाटे साडेसहाला समुद्र अजून राखाडीच असतो.
डाकारच्या वाळूत अर्धं शहर उठाबशा काढतंय
आणि आम्ही दोघं भिंतीपाशी,
टोमॅटोच्या डब्यांत सिमेंट ओतून केलेली
घरची डंबेल्स घेऊन.

मी ऊसेनू. तो असान.
जुळ्यांची नावं आमच्याकडे आधीच ठरलेली असतात,
डोकं चालवावं लागत नाही.
तीच हाडं, तेच खांदे,
शिंपी एकाचंच माप घेतो.

तरी पंधराव्या उचलीला
माझी बेटकुळी टरारून वर येते,
कातडीखाली शीर दोरीसारखी,
आणि त्याचा दंड
हवा उतरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखा.
बोट दाबलं की आत जातं.

"वजन वाढव," बिरान थिआम म्हणाला,
ज्याचे कान कुस्तीने कधीच चुरगळून टाकलेत.
वाढवलं. काही नाही.
मग वजनाचं सोडून म्हाताऱ्याने विचारलं,
"रात्रीचा कुठे असतोस?"

बंदरात. मासळीच्या गोदामावर.
दहा ते सहा. एक खुर्ची, एक बॅटरी,
तीन पेले मिरीची कडक कॉफी
आणि कंप्रेसर,
जो असानच्या वाटची झोप
त्याच्यासमोर घोरत घोरत संपवतो.

दुपारी आई भाताची परात मध्ये ठेवते
तेव्हा हा उघड्या डोळ्यांनी पेंगतो.
मासा, कसावा, गाजर
हळूहळू माझ्या बाजूला सरकत येतात
आणि मी खातो.
खरं सांगतो, मी खातो.
तळाची खरवडसुद्धा.

म्हाताऱ्याने वाळूत बोटाने काढून दाखवलं:
हे पोट, हा भात, हा इथून दंडात जाऊन बसतो,
बसताना पाणी घेऊन येतो,
पाहुणा बिऱ्हाडासकट यावा तसा.
त्या पाण्याने मांस भरतं.
"पण दार उघडायला घरात कुणी लागतं ना.
झोप म्हणजे ते. घरात असणं."
एवढं बोलून तो थुंकला.
शास्त्र त्याला इतकंच येतं.

शुक्रवारी रात्री मी गोदामावर गेलो.
शिंप्याला कळत नाही ते मालकाला काय कळणार?
असानची टोपी, असानची खुर्ची,
खुर्चीला त्याच्या पाठीचा खळगा.
दोन वाजता मला पहिल्यांदा कळलं
की रात्रीला मध्यसुद्धा असतो.
तीनला पाव खाल्ला, चव लागली नाही.
साडेचारला एका मांजराला मी माझं नाव सांगितलं
आणि ते त्याचं निघालं.

तिकडे तो सातला आडवा झाला होता,
सहाला उठला.
बाजरीचे कण दह्यात कालवून वाटीभर,
वर पुन्हा वाटीभर,
आईने तिसरी वाढली तेव्हा म्हणे लाजला.

दहाव्या उचलीला ती वर आली.
आधी बिचकत, पाण्यातून बेडकाने डोकं काढावं तशी,
मग ताठ, चकचकीत, स्वतःवर खूश.
असान तिच्याकडे बघतच राहिला,
जणू कुणाची तरी वस्तू हातात आलीय
आणि ती परत करायचीय.

माझे हात नुसते लोंबत होते.
तेच डबे, तेच सिमेंट,
पण रात्रीतून कुणीतरी भिजवून ठेवल्यासारखं जड.
घाम आला, बेटकुळी आली नाही.

आम्ही दंडाला दंड लावून उभे राहिलो.
म्हाताऱ्याने दोन्ही चाचपले,
मग असानच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला,
"शाबास ऊसेनू."
कुणीच दुरुस्त केलं नाही.

परतताना असानने विचारलं,
मंगळवारीही जाशील?
मी म्हटलं, बघू.
दुपारी परातीतला गाजराचा मोठा तुकडा
मी त्याच्या बाजूला ढकलला,
माशाचा पोटाकडचा भागही.

खरवडीचं अजून ठरत नाहीये.