हळदी-कुंकू

डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय, चाला.
म्हणून वडगावातून सहाची सिटी बस पकडून
मी किल्ला तलावावर चालायला येते.
चालायला बसनं यायचं.
हसा.

निंगव्वा हुक्केरी फाटकाशी थांबलेली असते,
कानाला मफलर, अंगात लेकाचा स्वेटर.
ती कानडीत विचारते, मी मराठीत सांगते,
दुसऱ्या फेरीत कुठंतरी अदलाबदल होते
आणि दोघींच्याही लक्षात येत नाही.

डिसेंबरात पाणी दिसतच नाही.
साय धरायच्या आधी दुधावर वाफ हलते
तसं काहीतरी हलत असतं.
त्यातून आधी आवाज येतो,
मग चोच,
मग उरलेलं बदक.

हंस दोनच. पांढरे, पाळीव, माजलेले.
कुणी आणून सोडले कोण जाणे.
मान जमिनीसरशी लांब करून
निवृत्त फौजदार कंग्राळकरांच्या मागं लागतात.
रोज. आणि फक्त त्यांच्याच.
सगळ्या नोकरीत पळाले नसतील एवढे पळतात बिचारे.
"अहो, उभे राहा, काय करत नाहीत ते,"
मी ओरडते, निंगव्वाच्या आड होऊन.

टिबुकली बुडाली की आमची पैज,
कुठं वर येईल?
हरेल तिनं चहा पाजायचा.
आजवर टिबुकलीच जिंकलीय,
चहाचे पैसे अर्धे अर्धे.

बोटीवाल्या दस्तगीरनं एकदा वल्हं थांबवून दाखवलं,
"ते बघा मावशी, मातकट, खवल्याखवल्यांचं. चोच बघा."
काळी चोच. शेंड्याला पिवळी,
कपाळाशी दोन तांबडे ठिपके.
"नाव काय त्याचं?"
"हळदी-कुंकू बदक," म्हणाला
आणि एकदम गप्प झाला पोर,
आमच्या दोघींच्या कपाळांकडं बघून.

"एनंतान?" निंगव्वानं विचारलं.
अरिशिण-कुंकुम, मी म्हटलं.
ती कट्ट्यावर टेकली. बराच वेळ बघत राहिली.
मग मोडक्या मराठीत त्यालाच विचारलं,
"ह्यात बाई कंचं?"
"दोघं सारखीच दिसतात, मावशी."
"आणि एक मेलं तर?"
दस्तगीर वल्हं पुसत होता.
"चोच आहे ती. जाणार कुठं?"

एक नोव्हेंबरला आम्ही येत नाही.
मोठ्या रस्त्यावर पिवळं-तांबडं असतं,
आमच्या गल्लीत काळं.
दोन तारखेला दोघी गुडघ्यांबद्दल बोलतो.
तलावात काळे चांदवे आणि हळदी-कुंकवाची बदकं
त्याच शेवाळात चोची घालून असतात.
मी काही सुचवत नाहीये.
शेवाळ तेवढंच आहे.

तीन वर्षं मी पाव आणायची,
कालचा, बेकरीवाला निम्म्या दरात देतो तो.
काठावर एक निळी पाटी आहे.
मला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही.
गेल्या आठवड्यात सहज विचारलं, काय लिहिलंय गं?
निंगव्वा दुसरीकडं बघायला लागली.
"पक्ष्यांना पाव घालू नये."
"आणि तू तीन वर्षं गप्प?"
"पाव घालताना त्यांच्याशी बोलायचीस तू," ती म्हणाली,
"घरी कुणाशी बोलतीस?"

आता पाव आणत नाही.
बदकं येतात, हात बघतात,
फसवल्यासारखी मागं वळतात.
काय बोलायचं ते रिकाम्या हातानं सुचत नाही,
म्हणून मी त्यांना भाजीचे भाव सांगते.

आज कंग्राळकर आले नाहीत.
कालही नव्हते.
दोन्ही हंस फाटकापर्यंत चालत गेले,
मान उंच करून रस्त्याकडं बघत उभे राहिले.
दूधवाला गेला, पेपरवाला गेला.
मग दोघंही सावकाश वळले,
मान खाली घातली
आणि माझ्याकडं निघाले.

निंगव्वा ओरडली, "उभी राहा, काय करत नाहीत!"

मी पळाले.